वाळू भूकंपात टिकते ती कशाच्या बळावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कच्छच्या किनारपट्टीवर गोदामासाठी घेतलेल्या भूखंडावर चाळीस मीटर अंतराने दोन बोअर झाले. दोन्हींत ६ मीटर खोलीवर तीच राखाडी, बारीक ते मध्यम वाळू लागली आणि भूजल पातळीही दोन्हीकडे २ मीटरवरच मिळाली. तरीही अहवालाने एका बोअरमधली वाळू भूकंपात द्रवीभूत होणारी, म्हणजे ताकद गमावून द्रवासारखी वागणारी, ठरवली आणि दुसऱ्यातली सुरक्षित. वाळू एक, पाणी एक, भूकंप एक, मग निकाल दोन कसे; आणि वाळूसारखी सुटी, चिकटपणा नसलेली माती भूकंपाला तोंड देते तरी कशाच्या आधारावर, असे तुम्ही विचारले आहे. माती तपासणीच्या आणि पायाच्या कामात तीस वर्षे काढल्यानंतर मला असे वाटते की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट कळले की पहिला बऱ्याच अंशी सुटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

वाळूच्या कणाला शेजारच्या कणाशी बांधून ठेवणारे असे काही नसते. तिची सगळी ताकद घर्षणाची असते आणि घर्षण किती मिळणार हे कणांनी एकमेकांना किती दाबून धरले आहे यावर ठरते. वरच्या मातीचे ओझे कणाकणांतून खाली उतरत जाते. मधल्या पोकळ्यांत पाणी असेल तर त्या ओझ्याचा काही भाग पाण्याचा दाब उचलतो आणि उरलेला भाग कणांच्या सांगाड्यावर येतो. या उरलेल्या भागाला कार्ल टेर्झागी यांनी प्रभावी ताण म्हटले, आणि द्रवीभवनाचा सारा विषय म्हणजे भूकंपाच्या त्या तीस-चाळीस सेकंदांत या प्रभावी ताणाचे काय होते एवढाच आहे.

घरी रव्याचा डबा काठोकाठ भरला की आपण तो ओट्यावर दोनदा आपटतो आणि रवा बोटभर खाली बसतो. सैल वाळूला भूकंपात असेच खाली बसायचे असते, मात्र तिच्या पोकळ्यांत हवा नसून पाणी असते आणि बसायचे तर आधी ते पाणी बाहेर पडावे लागते. जमिनीचे हेलकावे सेकंदाला एक-दोन या गतीने येतात, तर बारीक वाळूच्या जाड थरातून पाणी निघून जायला काही मिनिटे लागतात. बसू पाहणाऱ्या कणांची एकमेकांवरची पकड सुटत जाते आणि त्यांचे ओझे पाण्याच्या अंगावर पडते. प्रत्येक हेलकाव्यागणिक रंध्रातल्या पाण्याचा दाब चढत जातो आणि तो वरच्या संपूर्ण ओझ्याइतका झाला की प्रभावी ताण शून्यावर येतो, म्हणजे घर्षणही शून्यावर येते. १६ जून १९६४ रोजी जपानमधील निइगाता येथे कावागिशी-चो वसाहतीतल्या इमारती अशाच जमिनीत कलंडल्या. त्यांचे खांब आणि भिंती बहुतांशी शाबूत होत्या, खालची वाळू मात्र त्यांना धरून ठेवू शकली नाही.

वाळूचा प्रतिकार समजायचा तर याच गोष्टीची दुसरी बाजू पाहावी लागते, आणि ती कोकणातल्या कोणत्याही पुळणीवर दिसते. लाट नुकतीच मागे गेलेल्या ओल्या, टणक वाळूवर पाऊल टाका. पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकट पडते, जणू पावलाच्या दाबाने पाणी पळाले. प्रत्यक्षात उलट घडलेले असते. लाटांनी ठोकून ठोकून बसवलेल्या त्या वाळूचे कण इतके गच्च असतात की त्यांना सरकायचे झाले तर आधी शेजारच्या कणावर चढावे लागते. कण चढले की मधल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि पृष्ठभागावरचे पाणी त्या पोकळ्यांत आत ओढले जाते, म्हणून वरची वाळू कोरडी दिसते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये या गुणधर्माचे विवेचन केले. भूकंपाच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार मोठा आहे: गच्च बसलेली वाळू सरकू लागली की ती फुगू पाहते, फुगताना रंध्रातल्या पाण्याचा दाब उतरतो आणि कण एकमेकांना पूर्वीपेक्षा अधिक घट्ट धरतात. सैल वाळूला जे हेलकावे बुडवतात, तेच गच्च वाळूची पकड आवळतात.

या दोहोंच्या मध्ये एक अशी पोकळी-मात्रा (कणांच्या तुलनेत पोकळ्यांचे प्रमाण) असते की तिथे वाळू आकसतही नाही आणि फुगतही नाही, हे आर्थर कासाग्रांदे यांनी १९३६ मध्ये दाखवले. त्या सीमेच्या कोणत्या बाजूला आपली वाळू आहे हा खरा प्रश्न आहे, आणि ती सीमा वरचे ओझे वाढले की सरकते, हेही लक्षात ठेवावे लागते. गच्च वाळूला काहीच होत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. जोरदार भूकंपात तिच्यातही लहान लहान हेलकाव्यांनी रंध्रदाब चढतो आणि प्रभावी ताण क्षणभर शून्याजवळ जाऊ शकतो. पण विरूपण थोडे वाढले की कण चढू लागतात, वाळू पुन्हा ताठ होते आणि सरकणे तिथेच थांबते. म्हणून प्रतिकार या शब्दाचा अर्थ मी असा घेतो की जमीन किती सरकून थांबते. सैल वाळूत त्या सरकण्याला उतार संपेपर्यंत थांबा नसतो.

आता तुमच्या भूखंडाकडे वळतो. सीड आणि इद्रिस यांनी १९७१ मध्ये मांडलेली आणि पुढे सुधारत गेलेली पद्धत आपल्या आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतही दिलेली आहे. भूकंप वाळूवर किती ताण आणतो आणि वाळू किती सोसू शकते, यांचे गुणोत्तर तिच्यात काढायचे असते. वरच्या २ मीटरचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि पाण्याखालच्या वाळूचे २० धरले, तर ६ मीटर खोलीवर एकूण ताण ११६ किलोपास्कल येतो आणि प्रभावी ताण सुमारे ७७. कच्छ त्या आवृत्तीप्रमाणे पाचव्या भूकंप-विभागात असल्याने त्वरण गुरुत्वाच्या ०.३६ पट घेतले, की भूकंपाने लादलेले ताण-गुणोत्तर (भूकंपाचा आडवा ताण भागिले प्रभावी ताण) साधारण ०.३४ येते. तुमच्या पहिल्या बोअरमध्ये सर्व दुरुस्त्यांनंतरचा एन, म्हणजे चाचणीची नळी वाळूत ३०० मिलिमीटर शिरवायला लागलेल्या हातोड्याच्या ठोक्यांचा आकडा, १५ आहे. स्वच्छ, म्हणजे बारीक गाळ जवळजवळ नसलेल्या वाळूसाठी, ७.५ तीव्रतेच्या भूकंपात, तेवढ्या एनची सहनशक्ती ०.१६ च्या आसपास असते, म्हणजे सुरक्षा गुणांक (सहनशक्ती भागिले लादलेले ताण-गुणोत्तर; तो एकाच्या वर हवा) अर्ध्याच्याही किंचित खाली जातो. दुसऱ्या बोअरमध्ये एन २८ आहे. त्याची सहनशक्ती ०.३७ आणि गुणांक १.१. अहवालातले दोन निकाल इथून आले आहेत, आणि गणित म्हणून ते बरोबर आहेत. हीच पहिल्या बोअरमधली वाळू तिसऱ्या विभागात, म्हणजे ०.१६ त्वरणासाठी तपासली असती, तर ती जेमतेम का होईना, पास झाली असती. वाळू द्रवीभूत होणारी आहे का, हा प्रश्न म्हणून एकट्याने विचारताच येत नाही. कोणत्या भूकंपात, कोणत्या खोलीवर आणि पाणी कुठे असताना, हे सोबत सांगावे लागते.

एनचा आकडा २० च्या खाली असताना सहनशक्ती हळूहळू वाढते आणि २५ च्या पुढे ती झपाट्याने चढते. ३० च्या पुढे स्वच्छ वाळू द्रवीभूत होत नाही असे व्यवहारात धरले जाते. तो झपाटा म्हणजेच वर सांगितलेल्या फुगण्याचा हिशेब आहे. पण हा आकडा वाळूबद्दल सगळे सांगत नाही, आणि नव्या अभियंत्यांचा इथेच घोटाळा होतो. वाळू किती गच्च आहे एवढ्यावर तिचा प्रतिकार संपत नाही; कणांची एकमेकांवरची बैठक कशी आहे आणि ती किती काळ न मोडता राहिली आहे, यालाही तेवढेच मोल आहे.

जपानमध्ये काही संशोधकांनी वाळूचा थर जागच्या जागी गोठवून, बर्फासारखा कापून प्रयोगशाळेत आणला आणि भूकंपासारखा उलटसुलट ताण पुन्हा पुन्हा देऊन त्याची चक्रीय चाचणी केली. तीच वाळू सुटी करून, तितक्याच घनतेला पुन्हा भरून केलेल्या नमुन्यांपेक्षा गोठवलेले नमुने कितीतरी अधिक सोसणारे निघाले. घनता तीच असताना हे अंतर कशाचे? शेकडो वर्षे एकाच ओझ्याखाली पडून राहिलेले कण सूक्ष्म प्रमाणात सरकून एकमेकांच्या खोबणीत बसतात, स्पर्शबिंदूंवर सिलिका किंवा चुन्याची किंचित साय धरते, आणि लहानसहान भूकंपांनी ही बैठक आणखी पक्की होते. म्हणून नदीने गेल्या काही शतकांत टाकलेली किंवा माणसाने भरावात ओतलेली वाळू सर्वांत धोक्याची, त्याहून जुनी वाळू कमी धोक्याची, आणि हिमयुगाच्या काळातली वाळू क्वचितच द्रवीभूत होणारी, असा भूवैज्ञानिक अनुभव आहे. टोकियोजवळच्या उरायासू शहरात मार्च २०११ मध्ये हे रस्त्यागणिक दिसले. समुद्रात भराव घालून केलेल्या वस्त्यांत जागोजागी वाळू-पाणी उसळून आले, जुन्या मूळ गावाची जमीन मात्र टिकली.

लहान हादरे वाळूला पक्के करतात, याचा अर्थ एकदा द्रवीभूत झालेली जमीन पुढच्या वेळी सुरक्षित असते असा मात्र कोणी लावू नये. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये सप्टेंबर २०१० मध्ये ज्या वस्त्यांच्या अंगणांत वाळू उसळली, त्यांतल्या अनेक ठिकाणी ती फेब्रुवारी २०११ मध्ये आणि पुढच्या धक्क्यांत पुन्हा उसळली. द्रवीभवनात जुनी बैठक पूर्ण मोडते. वर धावणारे पाणी वरच्या थराला पुन्हा सैल करून ठेवते, आणि वर्षानुवर्षांत कमावलेले बळ एका मिनिटात जाते. निइगातामध्ये भूकंपापूर्वीचे आणि नंतरचे एन ताडून पाहिले तेव्हा काही थर अधिक गच्च झालेले, तर काही पूर्वीपेक्षा सैल झालेले आढळले होते.

बारीक कणांविषयी थोडे सांगायला हवे, कारण चाळणी-विश्लेषणात बारीक माल जास्त दिसला की लोक निर्धास्त होतात. तो बारीक माल खऱ्या चिकणमातीचा असेल, हातात मळली की वळत असेल, तर तो कणांना धरून ठेवतो आणि प्रतिकार वाढवतो. महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती, तिचे फुगण्या-आकसण्याचे दोष कितीही असले तरी, या रोगापासून मुक्त आहे ती याचमुळे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसे गेली ती मातीत रचलेल्या जड दगडी भिंती कोसळून. पण बारीक माल नुसता गाळ असेल, वळत नसेल, तर तो वाळूला बांधत नाही, उलट पाण्याची वाट अडवतो. जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात चांग, टप्पर, शिवलखा यांसारख्या मातीच्या धरणांचे नुकसान झाले त्यात पायाखालच्या सैल, गाळवट, पाण्याने भरलेल्या थरांचा मोठा वाटा होता. जलाशयांत तेव्हा पाणी कमी होते हे कच्छचे सुदैव. म्हणून केवळ ७५ मायक्रॉनखालचा, म्हणजे बारीक मालाचा, टक्का पाहू नका, त्या मालाची सुघट्यता (ओला मळल्यावर वळण्याचा गुण) तपासून घ्या.

पाण्याचे गणित सरळ आहे. तुमच्याच भूखंडावर भूजल पातळी २ मीटरऐवजी ५ मीटरवर असती, तर ६ मीटर खोलीवरचे ताण-गुणोत्तर ०.३४ वरून ०.२५ च्या घरात उतरले असते. याच कारणाने उन्हाळ्यात मोजलेली पातळी मी गणितात कधीच घेत नाही. पावसाळ्यानंतरची, आणि खाडीजवळ असेल तर उधाणाच्या भरतीची घेतो. वरचा कोरडा किंवा चिकण थर तीन-चार मीटर जाड असेल आणि खालचा वाईट थर पातळ असेल, तर द्रवीभवन होऊनही जमिनीवर फारसे काही दिसत नाही, ही गोष्टही खरी आहे. मात्र जवळ खाडीचा किंवा कालव्याचा उघडा काठ असेल तर हा दिलासा धरू नये, कारण तो वरचा थर अखंड तुकड्यासारखा काठाकडे घसरतो आणि त्यातले पाइल (पायाचे जमिनीत खोल घातलेले खांब) सोबत नेतो. कांडला बंदरातली पाइलवर उभी असलेली टॉवर इमारत २००१ मध्ये कलली, ती अशाच जमिनीत.

आता ज्या आकड्यावर हे सगळे उभे आहे, त्या एनकडे येऊ. ६३.५ किलोचा हातोडा ७५० मिलिमीटरवरून पाडायचा, ४५० मिलिमीटर शिरकाव करायचा आणि शेवटच्या ३०० मिलिमीटरांचे ठोके मोजायचे, एवढीच ही चाचणी. पण पाण्याखालच्या वाळूत ती बिघडायला क्षणही लागत नाही. काही वर्षांपूर्वी एका किनारी कामावर मी दुपारी पोहोचलो तेव्हा रिगवरच्या मुलांनी जेवणाआधी बेलर (बोअरमधला माल उपसायचे नळकांडे) बाहेर काढलेला होता आणि केसिंगमधले, म्हणजे बोअरला आधार देणाऱ्या नळीतले, पाणी बाहेरच्या भूजल पातळीच्या दीड मीटर खाली गेलेले होते. दोरीला वजन बांधून तळ मोजला, तर सकाळी ७.५ मीटरला सोडलेला बोअर ६.६ मीटरला लागला. बाहेरच्या जास्त दाबाच्या पाण्याने खालून वाळू उसळवून नव्वद सेंटीमीटर केसिंगमध्ये भरली होती. त्या उसळलेल्या वाळूत चाचणी घेतली असती तर एन ४ किंवा ५ आला असता आणि चांगला थर कागदावर वाईट ठरला असता. बोअर धुऊन, केसिंग काठोकाठ पाण्याने भरून, शेजारी नवा बोअर घेऊन तीच खोली तपासली तेव्हा एन १९ मिळाला. आधी मोजले असते ते आपणच मोडलेल्या बैठकीला. उलट दिशेची चूकही होते: वाळूत एखादा शिंपल्यांचा किंवा गोट्यांचा पट्टा लागला की ठोके वाढतात आणि सैल वाळू गच्च भासते.

म्हणून तुम्ही पहिल्यांदा ड्रिलरची कच्ची नोंदवही मागा, टाइप केलेला अहवाल नव्हे. प्रत्येक चाचणीआधी केसिंगमध्ये पाणी कुठे होते, तळ मोजला होता का, हातोडा दोरीवर सोडला की आपोआप सुटणारा होता, १५० मिलिमीटरांच्या तीन टप्प्यांचे ठोके वेगवेगळे काय होते, हे त्यात पाहा. शेवटच्या दोन टप्प्यांत ठोके अचानक दुप्पट झालेले दिसले तर सरासरीवर विसंबू नका. नंतर दोन्ही बोअरच्या मधल्या रेषेवर दहा-दहा मीटरला शंकूची चाचणी करून घ्या. दहा चौरस सेंटीमीटरचा शंकू सेकंदाला दोन सेंटीमीटरने दाबत नेला की थराचे सलग चित्र मिळते, जे दीड मीटरला एक ठोका-मोजणी कधीच देत नाही. जमल्यास कातर-तरंगांचा, म्हणजे मातीला आडवे हलवत पुढे जाणाऱ्या तरंगांचा, वेगही मोजा. तो मोजताना कणांची बैठक मोडत नाही, म्हणून जुन्या वाळूचे कमावलेले बळ त्यात काही प्रमाणात उतरते; ओझ्यासाठी दुरुस्त केलेला वेग सेकंदाला २१५ मीटरच्या वर असलेली स्वच्छ वाळू सहसा द्रवीभूत होत नाही.

पहिल्या बोअरची वाळू खरोखरच सैल निघाली, तर तिला ठोकून गच्च करणे हाच सर्वांत सरळ उपाय आहे, कारण त्यात आपण निसर्गाचेच काम घाईने करतो. कंपन देणारा दांडा खाली उतरवून केलेले घट्टीकरण बारीक माल पंधरा-वीस टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम चालते. त्याहून जास्त असेल तर गिट्टीचे स्तंभ घ्यावेत, जे शेजारची वाळू थोडी दाबतात, ओझे स्वतःवर घेतात आणि पाण्याला वाटही देतात. उरायासूतच टोकियो डिस्नेलँडच्या ज्या भागाखाली वाळूचे ठासलेले स्तंभ घातले होते तो २०११ मध्ये टिकला आणि सुधारणा न केलेल्या वाहनतळावर वाळू उसळली. कोबेच्या पोर्ट आयलंडवरही १९९५ मध्ये सुधारलेल्या आणि न सुधारलेल्या भरावात असाच फरक दिसला. सुधारणा इमारतीच्या रेषेवर मात्र थांबवू नका. सुधारायच्या खोलीच्या निम्म्याइतकी तरी ती बाहेर न्या, नाहीतर बाजूची पातळ झालेली वाळू पायाखालच्या चांगल्या वाळूचा आधार काढून घेते. नुसते पाइल घालून प्रश्न सुटतो, असे कोणी सांगितले तर ते पाइल वाईट थर ओलांडून पक्क्या थरात किती शिरतात आणि वरचा थर सरकला तर त्यांच्यावर आडवे बळ किती येईल, याचा हिशेब मागा.

आणि एक काम कार्यालयात बसून करण्यासारखे आहे. त्या भागाचे जुन्यात जुने टोपोशीट आणि जुनी उपग्रह-चित्रे काढा, गावातल्या वयस्कर मिठागर कामगारांना विचारा की भराव पडण्याआधी भरतीचे पाणी कुठपर्यंत येत असे. पहिला बोअर एखाद्या बुजलेल्या खाडीफाट्यावर पडलेला निघाला, तर चाळीस मीटरांत एन १५ चा २८ का झाला हे तिथेच कळेल, आणि सुधारणेची हद्द कुठून कुठपर्यंत आखायची हेही त्याच फाट्याच्या काठावरून ठरवता येईल.